ज्येष्ठमधाचे मूळ आणि आपली सावळी कांती

जबलपूरच्या विजय नगर वस्तीतील मराठी घरांत एकच वस्तू दोन नावांनी वावरत असते. स्वयंपाकघराच्या फळीवरील ज्या बरणीला घरातील वडीलधारी बाई ‘ज्येष्ठमध’ म्हणते, तीच बरणी रिकामी झाली की मुलाला दुकानात पाठविताना ‘मुलेठी माग बरं का’ असे तिला बजावावे लागते. ज्येष्ठमध म्हटले तर दुकानातील एखादा नवखा नोकर मधाची बाटली पुढे करतो. गंमत अशी की ही दोन्ही नावे मुळात एकाच घरची. संस्कृतात या वनस्पतीला ‘यष्टिमधु’ आणि ‘मधुयष्टि’ अशी दोन्ही नावे आहेत. यष्टि म्हणजे काठी; मधासारखी गोड काठी. पहिल्या नावाचे मराठीत येता येता ‘ज्येष्ठमध’ झाले, दुसऱ्याचे हिंदीत ‘मुलेठी’. थोरलेपणाशी आपल्या ज्येष्ठमधाचा काही संबंध नाही, आणि मधाशी आहे तो केवळ गोडीपुरता. १७८१ साली सागरच्या मराठ्यांनी गढा-मंडला घेतले, १७९८ साली हा मुलूख नागपूरकर भोसल्यांकडे आला आणि १८१७ साली त्यांच्या हातून गेला. पुढे नोकरीचाकरीच्या निमित्ताने मराठी माणसे नर्मदाकाठी येतच राहिली. त्यांच्या भाषेत असे जोडशब्द आजही नांदतात.

हे मूळ आपल्या सर्वांच्या ओळखीचे आहे ते बाळगुटीमुळे. सहाणेवर हळकुंड, वेखंड, मुरडशेंग, जायफळ यांच्याबरोबर ज्येष्ठमधाच्या कांडीचे मोजके वळसे उगाळून तान्ह्या मुलाला चाटवावयाचे, ही चाल महाराष्ट्रात घरोघर होती. घसा बसलेल्या गवयाच्या गालात ज्येष्ठमधाचा तुकडा असतो, हेही आपण पाहिले आहे. परंतु आज मला त्याच्या निराळ्याच उपयोगाविषयी बोलावयाचे आहे. अलीकडे सौंदर्यप्रसाधनांच्या कित्येक नळ्यांवर आणि बाटल्यांवर ‘लिकोरिस’ हा शब्द छापलेला आढळतो. हा लिकोरिस म्हणजे आपला ज्येष्ठमधच. चेहऱ्यावरील काळे डाग, वांग, मुरुमांच्या खुणा यांवर तो गुणकारी आहे, आणि आशियाई त्वचेला तर विशेषच मानवतो, असे सांगण्यात येते. यात तथ्य किती आणि वाढवून सांगितलेला भाग किती, हे पाहण्यासारखे आहे.

मला हा विषय पाहावा लागला तो माझ्या भाचीमुळे. ती विजय नगरातच राहते. विशीत तिला मुरमे आली आणि गेली. मागे तपकिरी डाग ठेवून गेली. घरात तिच्या विवाहाची बोलणी चालू होती, आणि अशा वेळी आपल्याकडे मुलीच्या चेहऱ्यावरील डाग हा साऱ्या घराचा चिंतेचा विषय होतो. एका औषधाच्या दुकानातून कोणीतरी तिला एक लहानशी नळी आणून दिली. पंधरा दिवसांत चेहरा उजळला. सर्वांना आनंद झाला. तीन महिन्यांनी नळी थांबवताच चेहरा लालबुंद झाला, बारीक पुटकुळ्या उठल्या, उन्हात उभे राहवेना, आणि डाग पूर्वीहून गडद होऊन परतले. ‘मामा, आता मी काहीच लावणार नाही. लावायचेच तर आजीचा ज्येष्ठमध लावीन’, असे ती मला म्हणाली. तिच्या त्या वाक्यात शहाणपण होते, आणि थोडा धोकाही होता. दोन्हींचा उलगडा करावयाचा तर आधी आपल्या कातडीचा रंग कसा घडतो ते समजून घेतले पाहिजे.

माणसाच्या त्वचेच्या बाह्य थराच्या तळाशी रंग तयार करणाऱ्या पेशी असतात. त्या जे रंगद्रव्य बनवितात त्याला मेलॅनिन म्हणतात. गोऱ्या युरोपियनाच्या कातडीत या रंगपेशी कमी आणि आपल्या कातडीत अधिक असतील, अशी कोणाचीही कल्पना होईल. पण तसे नाही. त्यांची संख्या सर्व मानववंशांत जवळजवळ सारखीच आहे. प्रत्येक रंगपेशी आपल्या फांद्यांनी सुमारे छत्तीस शेजारी पेशींना रंगाचे बारीक कण पुरविते. गोऱ्या कातडीत हे कण लहान असतात, पुंजक्यांनी राहतात आणि लवकर विरून जातात. कृष्णवर्णी कातडीत ते मोठे असतात, सुटे सुटे पसरतात आणि टिकतात. आपण भारतीय, चिनी, जपानी, ब्रह्मी लोक या दोहोंच्या मध्ये कोठेतरी बसतो. पेशी तेवढ्याच, पण कामाला अधिक तत्पर, असे आपल्या वर्णाचे रहस्य आहे.

ही तत्परता म्हणजे एक वरदान होय. उन्हातील अतिनील किरणांपासून मेलॅनिन आपले रक्षण करते. म्हणूनच कातडीचा कर्करोग आपल्यात गोऱ्यांच्या मानाने पुष्कळ कमी आढळतो, आणि सुरकुत्याही आपल्याला उशिरा पडतात. पण या तत्पर पेशींना ऊन आणि दाह यांतला फरक फारसा कळत नाही. कातडीला कोठेही दाह झाला, मग तो मुरुमाचा असो, फोडणीच्या तेलाच्या शिंतोड्याचा असो, डासाच्या चाव्याचा असो की खरखरीत वस्तूने जोराने घासल्याचा असो, त्या रंग बनवू लागतात. दाह जातो, रंग मागे राहतो. युरोपियन मुलीच्या गालावरचे मुरूम मिटले की लाल खूण राहते आणि ती पुसट होत जाते. आपल्या मुलीच्या गालावर तपकिरी ठिपका महिनोन्‌महिने राहतो. त्यात गर्भारपण, संप्रेरकांचे चढउतार आणि ऊन एकत्र आले म्हणजे गालांवर नि कपाळावर जे पट्टे उमटतात, त्याला आपण वांग म्हणतो. आशियाई त्वचेची म्हणून जी खास तक्रार आहे ती ही. तिला सुरकुत्यांपेक्षा डागांची चिंता अधिक.

रंग तयार होण्याच्या या कामात टायरोसिनेज नावाचे एक विकर मुख्य असते. त्याच्याच जातीच्या विकराचे काम आपल्या गृहिणी रोज पाहतात. वांगे किंवा बटाटा चिरून ठेवला की थोड्याच वेळात काळा पडतो. म्हणून त्या फोडी पाण्यात टाकतात. वांग्याच्या फोडीत आणि चेहऱ्यावरील वांगात घडणारी रासायनिक क्रिया बरीचशी एका कुळातली आहे. (शब्दांचे साम्य मात्र योगायोगाचे, वांग हा शब्द संस्कृत ‘व्यंग’वरून आलेला आहे.) तेव्हा या विकराचा हात ज्याला धरता येईल, तो डागही हलके करू शकेल, असा तर्क शास्त्रज्ञांनी केला आणि शेकडो वनस्पती तपासल्या.

आपल्या प्राचीनांनी तर्क निराळा केला होता, पण ते पोहोचले याच मुळापाशी. चरकसंहितेत औषधांचे दहादहांचे गट सांगितले आहेत. त्यांपैकी एक गट ‘वर्ण्य’, म्हणजे वर्णाला हितकर अशा द्रव्यांचा आहे. त्यात चंदन, पद्मक यांच्याबरोबर उशीर म्हणजे वाळा, मधुक म्हणजे ज्येष्ठमध, मंजिष्ठा, आणि सारिवा म्हणजे आपली उपळसरी, अशी चार मुळे आहेत. अष्टांगहृदयाच्या उत्तरस्थानात केशर घालून सिद्ध केलेले जे कुंकुमादी तैल आहे, त्यातही ज्येष्ठमध येतो. येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. ‘वर्ण्य’ याचा अर्थ गोरे करणारे असा नव्हे. ज्याचा जो वर्ण असेल तो स्वच्छ, एकसारखा आणि तेजस्वी व्हावा, एवढीच त्या शब्दात अपेक्षा आहे. सावळ्या माणसाला गोरे करण्याची उठाठेव चरकाने केलेली दिसत नाही. ती आपल्या काळातील जाहिरातदारांनी केली.

सुश्रुताने ज्येष्ठमधाचा उपयोग आणखी एका ठिकाणी सांगितला आहे, आणि तो सांगितल्यावाचून पुढे जाणे मला जमणार नाही. छाटलेले नाक गालाच्या कातडीने पुन्हा बसविण्याचा विधी त्याने वर्णिला आहे. कातडी जोडून झाली, नाकपुड्यांत नळ्या घातल्या, की त्या जोडावर पतंग, ज्येष्ठमध आणि रसांजन यांचे चूर्ण भुरभुरावे, आणि कापसाने झाकून तिळाच्या तेलाने भिजत ठेवावे, असे तो म्हणतो. म्हणजे ताज्या जखमेचा दाह शमविणे हे काम त्याने या मुळाकडे दिले होते. हाच विधी थोड्या फरकाने आपल्या महाराष्ट्रात टिकून राहिला होता. इंग्रजांच्या फौजेतील कावसजी नावाच्या मराठा गाडीवानाचे नाक टिपूच्या लोकांनी १७९२ च्या युद्धात कापले. पुण्याकडील एका देशी शस्त्रवैद्याने कपाळाच्या कातडीने ते नव्याने घडविले, आणि त्याचा सचित्र वृत्तांत १७९४ च्या ऑक्टोबर महिन्यात लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझीन’मध्ये छापून आला. त्यावरून युरोपात हे शस्त्रकर्म नव्याने शिकले गेले. त्या वृत्तांतात जोडावर काताचा लेप दिल्याचे म्हटले आहे, ज्येष्ठमधाचा नव्हे. तेव्हा ओढूनताणून त्याचे श्रेय आपण या मुळाला देऊ नये.

हे मूळ काही केवळ आपलेच नाही. ग्रीक थिओफ्रास्टस त्याला सिथियन मूळ म्हणून ओळखत होता. जपानात नारा येथील शोसोइन या भांडारात सम्राज्ञी कोम्यो हिने ७५६ साली अर्पण केलेल्या औषधांत ज्येष्ठमधाची मुळे आहेत, आणि ती आजही तेथे जपून ठेवलेली आहेत. चिनी वैद्यकात तर क्वचितच एखादा काढा त्याच्यावाचून होतो. मात्र चीन-जपानकडील ज्येष्ठमध हा आपल्या ज्येष्ठमधाचा भाऊ, तोच नव्हे. ही भावाभावांतील भिन्नता पुढे महत्त्वाची ठरते.

आता या मुळात आहे तरी काय? त्याची गोडी ग्लिसराइझिन या द्रव्याची. साखरेहून सुमारे पन्नास पट गोड असे हे द्रव्य पाण्यात सहज उतरते, आणि दाह कमी करते. जपानी प्रसाधनांत त्याचा एक क्षार फार दिवसांपासून वापरात आहे. पण डागांवर ज्याची खरी मदार आहे ते द्रव्य निराळे. ग्लॅब्रिडिन हे त्याचे नाव. ते १९७६ साली वेगळे काढण्यात आले. १९९८ साली जपानी संशोधकांनी असे दाखविले की ते टायरोसिनेज विकराला आवर घालते आणि रंगपेशीला मात्र मारीत नाही. गिनीपिगांच्या कातडीवर त्याचा शेकडा अर्धा इतका अंश लावला असता अतिनील किरणांनी येणारी काळजी कमी झाली, आणि दाहही उतरला. एका हाताने दाह शमविणे आणि दुसऱ्या हाताने रंगाची घाई थोपविणे, असे हे दुहेरी काम आहे. दाहातून डाग उत्पन्न होणाऱ्या आपल्या कातडीला हे मूळ का मानवावे, याचे उत्तर यातच आहे. लिक्विरिटिन नावाचे आणखी एक द्रव्य यात आहे. त्याचे मलम इजिप्तमधील वीस स्त्रियांच्या वांगावर, चेहऱ्याच्या एकाच बाजूला, चार आठवडे लावून पाहिल्याचा वृत्तांत २००० साली प्रसिद्ध झाला, आणि लावलेली बाजू स्पष्ट उजळल्याचे त्यात सांगितले आहे.

वीस स्त्रिया म्हणजे फार नव्हेत. या विषयातील बहुतेक प्रयोग असेच लहान आहेत. शिवाय प्रयोगशाळेत जे टायरोसिनेज वापरतात ते बहुधा अळिंबीचे असते, माणसाचे नव्हे. आणि अळिंबीवर जोर दाखविणारी काही द्रव्ये माणसाच्या विकरापुढे दुबळी ठरल्याचे अलीकडे आढळले आहे. तेव्हा ज्येष्ठमधाचा गुण खरा, पण सौम्य. जुन्या वांगावर जादू करील अशी अपेक्षा त्याच्यापासून धरू नये.

आता भाचीच्या वाक्यातील अडचण पाहू. आजीचा ज्येष्ठमध म्हणजे चूर्ण दुधात किंवा गुलाबपाण्यात कालवून केलेला लेप. ग्लॅब्रिडिन हे पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. ते तेलात किंवा मद्यार्कात उतरते. त्यातही ते मुळात असते हजारांत एकदोन भाग, आणि चिनी भावात तर मुख्यतः नसतेच. म्हणजे पाण्यातल्या लेपाने दाहशामक गोडी कातडीला मिळते, डाग हलके करणारा अंश फारसा मिळत नाही. जुन्या वैद्यांनी केशर, मंजिष्ठा, ज्येष्ठमध ही द्रव्ये तेलात आणि शेळीच्या दुधात आटवून तैल सिद्ध केले, त्यांना हे रसायन ठाऊक नव्हते. पण तेलात जे उतरते ते पाण्यात उतरत नाही, हे अनुभवाने त्यांच्या ध्यानात आले असावे असे मानण्यास जागा आहे. आज कारखान्यांतून शेकडा चाळीस भाग ग्लॅब्रिडिन असलेला अर्क काढतात. तो चिमूटभरच घालावा लागतो, आणि तो महाग असतो. म्हणूनच बाटलीवर लिकोरिस छापले आहे एवढ्याने काही सिद्ध होत नाही. घटकांच्या यादीत ते नाव अगदी शेवटी, सुगंधाच्याही खाली आले असेल, तर ते शोभेपुरते आहे असे खुशाल समजावे. हवा आणि उजेड लागून हे द्रव्य बिघडते आणि तपकिरी होते, हेही लक्षात ठेवावे. उन्हात मांडलेली पारदर्शक बाटली घेण्यात अर्थ नाही.

घरच्या लेपाचा माझ्या मते खरा दोष निराळाच आहे. आपल्याकडे लेप वाळेपर्यंत ठेवतात आणि मग घासून काढतात. त्यात लिंबू पिळण्याचीही हौस असते. जी कातडी दाहाने काळी पडते, तिच्यावर डाग घालविण्यासाठी आम्ल लावावयाचे आणि ती खसाखसा घासावयाची, म्हणजे आग विझविण्यासाठी तीत तेल ओतण्यासारखेच झाले. लेप लावावयाचाच असेल तर ओलसर असतानाच धुऊन टाकावा आणि टिपून घ्यावे.

आणि ती नळी? तिच्यात तीन द्रव्ये होती. १९७५ साली अमेरिकेत क्लिगमन या त्वचारोगतज्ज्ञाने हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि एक स्टेरॉइड यांचे मिश्रण वांगासाठी सुचविले. तज्ज्ञ वैद्याच्या देखरेखीखाली, थोड्या आठवड्यांपुरते वापरले तर ते आजही उत्तम औषध आहे. परंतु आपल्या देशात त्याच्या निरनिराळ्या नळ्या गोरेपणाचे मलम म्हणून घरोघर पोहोचल्या. स्टेरॉइडने कातडी पातळ होते, तिला त्याची सवय लागते, आणि सोडताच ती भडकते. या दुखण्याचे इतके रोगी भारतात दिसू लागले की आपल्या त्वचारोगतज्ज्ञांना त्याला स्वतंत्र नाव द्यावे लागले. २०१८ साली सरकारने अशी चौदा स्टेरॉइड मलमे वैद्याच्या चिठ्ठीवाचून विकू नयेत असा नियम केला. नियम झाला, त्याचे पालन किती होते ते आपण पाहतोच. नुसते हायड्रोक्विनोनही वर्षानुवर्षे लावले तर कातडीत निळसर काळा रंग कायमचा साठतो, हे १९७५ सालीच दक्षिण आफ्रिकेतून कळले होते.

तेव्हा वनस्पतीचे ते निर्धोक आणि कारखान्याचे ते घातक, असे म्हणावे का? तसेही म्हणता येत नाही. जपानात २०१३ साली एक मोठा अनर्थ झाला. काही झाडांच्या सालीत आढळणारे एक द्रव्य तेथील सरकारच्या मान्यतेने डाग घालविणाऱ्या प्रसाधनांत घातले जात होते. तेही टायरोसिनेजला आवर घालणारेच. पण विकराशी झगडताना त्या द्रव्याचेच विष होऊन रंगपेशी मरू लागल्या, आणि हजारो स्त्रियांच्या चेहऱ्यावर आणि हातांवर पांढरे चट्टे उठले. कित्येकींचे पुढे भरून आले, काहींचे आले नाहीत. आपल्याकडेही असे उदाहरण आहे, फक्त त्याची वार्ता झाली नाही. टिकलीच्या मागील गोंदात असलेल्या एका रसायनाने कपाळावर टिकलीच्याच आकाराचा पांढरा डाग पडतो. आणि बाजारी कुंकवातील रंगांनी काहींच्या कपाळाला काळेपणा येतो. आपल्या देशातील वैद्यांनी अशा रोग्यांची वर्णने करून ठेवली आहेत. अशा कपाळावर ज्येष्ठमध लावून काय होणार? आधी टिकली बदलावी लागते.

ज्येष्ठमध स्वतः कातडीला क्वचितच बाधतो. पण त्याचीही एक गंमत आहे. १९४६ साली नेदरलँड्समधील रेव्हर्स नावाच्या डॉक्टराने पोटातील व्रणांवर ज्येष्ठमधाचा अर्क देऊन पाहिला. व्रण सुधारले, पण काही रोग्यांच्या अंगावर सूज आली. पुढे कळले ते असे की आपल्या शरीरातील कॉर्टिसोल या संप्रेरकाला निष्प्रभ करणारे एक विकर आहे, त्यालाच ज्येष्ठमध अडवितो. त्यामुळे शरीरात मीठपाणी साठते, रक्तदाब चढतो आणि पोटॅशियम उतरते. म्हणून रक्तदाबाच्या रोग्याने ‘आयुर्वेदिकच आहे’ म्हणून रोज ज्येष्ठमधाचा काढा पिणे बरे नव्हे, आणि गर्भवतीनेही तो टाळावा. युरोपातील तज्ज्ञांनी ग्लिसराइझिनची मर्यादा दिवसाला १०० मिलिग्रॅम सुचविली आहे. चांगल्या प्रतीच्या दोनतीन ग्रॅम मुळातही तेवढे असू शकते. गवयाने तुकडा चघळण्यास माझी हरकत नाही. दिवसभर चघळण्यास आहे. हेच विकर कातडीतही असते, आणि १९९० साली असे दिसून आले की ज्येष्ठमधातील द्रव्य हायड्रोकॉर्टिसोन या सौम्य स्टेरॉइडबरोबर लावले तर स्टेरॉइडचा जोर वाढतो. माझ्या भाचीने स्टेरॉइडची नळी आणि ज्येष्ठमध एकाच वेळी लावू नये, असे मी तिला सांगितले ते एवढ्यासाठी.

मूळ पारखण्याविषयी थोडे सांगितले पाहिजे. ज्येष्ठमधाचे झुडूप आपल्याकडे फारसे होत नाही. हरियाणा-पंजाबकडे लागवडीचे प्रयत्न झाले, पण मूळ खणण्याजोगे होण्यास तीनचार वर्षे लागतात आणि शेतकऱ्याला तेवढा धीर परवडत नाही. त्यामुळे बाजारातला माल पुष्कळसा अफगाणिस्तान, इराण आणि मध्य आशियाकडून येतो. महाग मालात भेसळ आलीच. गुंजेच्या वेलीची मुळे ज्येष्ठमध म्हणून खपविण्याची चाल जुनी आहे. गुंजेचा पाला गोड असतो आणि तो आपण विड्यात घालतो, म्हणून ही फसवणूक पचते. पण ज्या गुंजांनी सोनार सोने तोलीत त्या बियांत भयंकर विष आहे, आणि तिचे मूळ प्रथम तिखट-कडवट लागून मागाहून किंचित गोड लागते. खरा ज्येष्ठमध आरंभापासून गोड लागतो, मोडला असता आत पिवळा आणि तंतुमय दिसतो. चूर्ण विकत घेऊ नये. कांडी घ्यावी, चाखावी, आणि घरी कुटावी.

कोणतेही नवे मलम, मग ते आजीचे असो की कारखान्याचे, आधी कोपराच्या आतल्या घडीवर सकाळ-संध्याकाळ आठवडाभर लावून पाहावे. खाज, लाली आली नाही तरच चेहऱ्याला लावावे. परिणाम पाहण्यास निदान दोनतीन महिने लागतात, कारण कातडीचा वरचा थर पालटण्यासच महिनाभर जातो. पंधरा दिवसांत जे मलम उजळ करते, त्याची नळी उलटून तिच्यावरची बारीक अक्षरे वाचावीत. डाग वरच्या थरात असेल तर उतरेल; खोल थरात, निळसर राखी दिसणारा असेल, तर वरवरच्या लेपाने उतरणार नाही. आणि सर्वच काळेपणा डाग नसतो. मान आणि काखा मखमलीसारख्या जाड नि काळ्या होऊ लागल्या, तर मुलीला ‘नीट घासून अंघोळ कर’ म्हणून रागे भरू नये. ती बहुधा रक्तातील इन्सुलिनच्या बिघाडाची खूण असते आणि तिची साखर तपासून घ्यावी लागते. तसेच फिकट झालेल्या चट्ट्यावर स्पर्श कळेनासा झाला, तर लेप लावीत बसू नये. कुष्ठरोगाची तपासणी करून घ्यावी. तो आज औषधाने पूर्ण बरा होतो.

उन्हाचा बंदोबस्त नसेल तर यांतले काहीच टिकत नाही. जबलपूरच्या उन्हाळ्यात दुचाकीवरून जाणाऱ्या मुली डोळे तेवढे उघडे ठेवून साऱ्या तोंडाला ओढणी गुंडाळतात. वडील मंडळी त्यांना डाकू म्हणून हसतात. मला ती चाल अत्यंत शास्त्रशुद्ध वाटते. घट्ट विणीचे कापड अतिनील किरण अडविते, आणि त्याबरोबर डोळ्यांना दिसणारा उजेडही. हे दुसरे अधिक महत्त्वाचे, कारण सावळ्या कातडीला साध्या दृश्य प्रकाशानेही काळेपण येते, असे अलीकडे सिद्ध झाले आहे, आणि पांढरी सूर्यरोधक मलमे तो प्रकाश पुरता अडवीत नाहीत. रंगीत मलमे अडवितात, कारण त्यांत लोहाचे ऑक्साइड असते. आपल्या अंगणातील गेरू त्याच जातीचा.

भाचीला बरे वाटायला सहा महिने लागले. त्वचारोगतज्ज्ञ बाईंनी नळी हळूहळू सोडविली, पुढे ज्येष्ठमधाचा अर्क असलेले एक साधे मलम दिले, आणि ओढणी कायम ठेवावयास सांगितली. दोन डाग अजून आहेत. तिचा विवाह ठरला तेव्हा त्यांची चौकशी कोणी केली नाही. तिच्या आईला मात्र ते दोन डाग अजूनही दिसतात, आणि ती मला अधूनमधून विचारते की मुलेठीची ती बरणी आता भरून ठेवावी की नाही. ठेवावी, असे मी सांगतो. घसा बसला की लागतेच.